बाटलीतला पारा

नमस्कार श्रोतेहो,

मागच्या महिन्यात एक जोडपं माझ्या दवाखान्यात आलं. खुर्चीत बसायच्या आधीच वडिलांनी मोबाईल पुढे धरला. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ होता. केकपुढे बसून पोरगं टाळ्या वाजवतंय, "बाबा" म्हणतंय, हाक मारली की वळून बघतंय. आज तोच मुलगा दोन वर्षांचा आहे आणि हाकेला ओ देत नाही. मधे दीड वर्षाची इंजेक्शनं झाली होती.

"डॉक्टर, लशीत पारा असतो ना? त्यानंच याला स्वमग्नता, ते ऑटिझम म्हणतात ते, झालं ना?" वडिलांनी विचारलं.

पारा असतो. काही लशींत थायोमर्सल नावाचं औषध अगदी थोडं घालतात आणि त्यात पारा असतो. हे तुमच्यापासून लपवायचं काहीच कारण नाही. पण तो तिथं आला कसा, ते आधी ऐका.

जानेवारी १९२८. ऑस्ट्रेलियातलं बंडाबर्ग गाव. घटसर्पाची लस टोचलेल्या २१ मुलांपैकी १२ मुलं एक-दोन दिवसांत दगावली. रबरी बुचाची एकच बाटली, आधीही काही दिवस वापरलेली. जानेवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा, आणि बाटली फ्रीजबाहेर. बुचातून सुई आत-बाहेर होताना जंतू शिरले आणि उकाड्यात वाढले. चौकशी आयोगानं बजावलं की, ज्या बाटलीतून अनेकांना टोचायचं, तिच्यात जंतुनाशक हवंच. पुढं थायोमर्सल त्याच कामासाठी वापरात आलं. आपल्या उपकेंद्रात सिस्टर दहा डोसांच्या बाटलीतून पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, देतात, त्यात ते असतं. दहाव्या बाळाची सुईही पहिल्याइतकीच निर्धोक राहावी म्हणून.

त्यातला पारा इथाइल प्रकारचा. माशांतून पोटात जाणारा, जपानमध्ये मिनामाताला ज्यानं घरंच्या घरं उद्ध्वस्त केली, तो मिथाइल. इथाइल पारा शरीरातून त्यापेक्षा कितीतरी लवकर बाहेर पडतो. डेन्मार्कनं १९९२ मध्ये मुलांच्या लशींतून थायोमर्सल काढून टाकलं. त्यानंतरही तिथं स्वमग्नतेचं निदान होणाऱ्या मुलांची संख्या वाढतच गेली.

आणि दीड वर्षाला दिलेली गोवर-रुबेलाची लस? तिच्यात थायोमर्सल नसतंच. ती जिवंत विषाणूची लस, थायोमर्सल घातलं तर विषाणूच मरेल. तरी गोवराच्या लशीवर आळ आला तो १९९८ मध्ये, लंडनच्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरच्या लेखामुळे. लेख अवघ्या १२ मुलांवरचा. लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून त्यांनी पैसे घेतले होते, हे नंतर उघड झालं. २०१० मध्ये नियतकालिकानं लेख मागे घेतला आणि वेकफिल्डचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आलं. २०१९ मध्ये डेन्मार्कच्याच साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्यांत स्वमग्नता जास्त आढळली नाही.

मला राग येतो तो याचा, की त्या एका लेखानं आईबापांची भीती वापरून घेतली. भीती खरी असते हो! स्वमग्नतेची लक्षणं बहुतेकदा पहिल्या ते दुसऱ्या वर्षात डोळ्यांत भरायला लागतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत कार्डावर लशींच्या तारखा असतात. आई दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ बघते. ती त्यांची सांगड घालणारच.

ती आई तोवर गप्प होती. मग म्हणाली, "मीच हट्टानं नेलं होतं त्याला. हे नको म्हणत होते."

तिचा हात धरून मी सांगितलं, "ताई, तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही." मुलाला वाचा-उपचार आणि खेळातून शिकवणाऱ्या थेरपीसाठी लगेच पाठवलं. या वयात एकेक महिना मोलाचा असतो. निघताना तिनं पिशवीतून दुसरं कार्ड काढलं, धाकटीचं. चौदा आठवड्यांचा रकाना कोरा होता, बाळ पाच महिन्यांचं. गोवंडीत २०२२ साली गोवरानं मुलं गेली, तेव्हाचे असेच कोरे रकाने मला आठवले.

वडिलांनी बाटली हातात घेऊन लेबल वाचलं, उघडल्याची तारीख बघितली. मग बाळाचा पाय त्यांनीच धरला.