हातमोजा कशाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

१४ ऑगस्ट १९९६. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या संयुगावर काम करत होत्या. काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात चाललेलं, डोळ्यांवर चष्मा, अंगात कोट, हातांत लेटेक्सचे मोजे. तेव्हाच्या रीतीप्रमाणे सगळं चोख. पिपेटमधून थेंब-दोन थेंब मोज्यावर पडले. त्यांनी आवरलं, मोजे काढले, हात धुतले. पाचेक महिन्यांनी चालताना तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं. ८ जून १९९७ ला त्या गेल्या. वय अवघं ४८. विषारी धातूंचा सजीवांवरचा परिणाम, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता.

पुढे तपासणीत कळलं, हे द्रव्य तसल्या मोज्यातून १५ सेकंदांच्या आत पार होतं. भोक न पाडता.

आपण विद्यार्थ्यांना ‘मोजे घाला’ म्हणतो. कशाचे, ते सांगतो का? नायट्राइल या कृत्रिम रबराचे निळे मोजे पुष्कळ कामांना चालतात. पण डायक्लोरोमिथेन हे द्रावक पातळ नायट्राइलमधून मिनिट-दोन मिनिटांत आत येतं. ॲसिटोनपुढेही ते फार टिकत नाहीत, तिथे ब्यूटाइल रबर हवं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे मोजे डायक्लोरोमिथेनला दाद देत नाहीत, मात्र साध्या पाण्यानं खराब होतात!

म्हणून बाटली उघडण्याआधी सेफ्टी डेटा शीटचा, म्हणजे रसायनासोबत येणाऱ्या सुरक्षा-माहितीपत्रकाचा आठवा भाग वाचा. तिथे नुसतं ‘योग्य मोजे वापरा’ असेल, आणि पुष्कळदा तेवढंच असतं, तर मोजे बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता काढा. कोणतं रसायन किती मिनिटांत पार होतं, ते त्यात दिलेलं असतं.

थेंब उडाला तर ‘एवढं संपवतो, मग बदलतो’ असं करू नका. मोजा तिथल्या तिथे उलटा करून काढा, हात धुवा. आणि मोजे घालून दाराला हात लावू नका. ती मूठ नंतर कुणीतरी उघड्या हातानं धरणार असतं.

हायड्रोफ्लोरिक आम्लाचं मात्र वेगळं सांगायला हवं. विरळ द्रावण लागलं तर कित्येक तास दुखतही नाही, आणि तोवर ते आत खोल गेलेलं असतं. लगेच पाण्याखाली धुवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळायचं, दुखत नसलं तरी डॉक्टरांकडे जायचं. ते जेल हाताशी नसेल तर बाटली उघडूच नका. असेल, तर ट्यूबवरची मुदत उलटलेली नाही ना, ते उद्या प्रयोगशाळेत गेल्या गेल्या बघा.