पंधरा सेकंदांचा लाल दिवा

[दृश्य : रात्र. अंधारात वीजमीटर. फक्त लाल ठिपका दिसतो.]

हा दिवा बघत राहा. आत्ता लुकलुकला.

[पंधरा सेकंद निवेदन नाही. पंख्याची घरघर.]

पुन्हा लुकलुकला.

मीटरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत 3200 छापलंय. दिवा इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. घरात आत्ता फक्त पंखा चालू आहे. जुना, 75 वॅटचा. म्हणून मिनिटाला चार वेळा लुकलुक, दर पंधरा सेकंदांनी एक. हा हिशेब आम्ही कागदावर मांडला तेव्हा आम्हाला कळला. ज्यांच्या घरात बसलो होतो त्या मावशींना तो कागदाशिवाय माहीत होता. खाटेवरून त्या म्हणाल्या, "कूलर लावला का तो डोळे मिचकावतेच, थांबत नाही."

[दृश्य : पहाट. वस्तीच्या मागे वीज केंद्राच्या चिमण्या.]

हे चंद्रपूर. मागे दिसतंय ते महाऔष्णिक वीज केंद्र, क्षमता 2920 मेगावॉट. कोळसा इथलाच, पाणी इरई धरणाचं, राखही इथेच पडते. पूर्ण क्षमतेने चाललं तर हे केंद्र तासाला 29 लाख 20 हजार युनिट वीज तयार करतं. मावशींचं सगळं घर वर्षभरात साधारण पाचशे युनिट जाळतं. त्यांचं एक वर्ष या चिमण्यांना एक सेकंदसुद्धा पुरत नाही.

मावशी अडुसष्ट वर्षांच्या. नवरा ठेकेदाराकडे कोळसा उतरवायच्या कामाला होता. ना फंड, ना पेन्शन. तो गेल्यावर मावशींनी दहा-बारा वर्षं लोकांकडे धुणीभांडी केली, मग गुडघे गेले. मुलगा चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर आहे. त्याचं भाडं, त्याची दोन पोरं. "त्याले फोन करून पैसे मागाची लाज वाटते," म्हणतात. त्याला लाज वाटेल म्हणून त्यांना लाज वाटते, असा तो प्रकार आहे.

उत्पन्न म्हणजे महिन्याला 1500 रुपये. नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. वस्तीत मात्र तिला कोणी त्या नावाने ओळखत नाही. 1980 साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली तेव्हापासून असले सगळे पैसे 'निराधारचे' झाले. "निराधारचे आले का?" हा इथला बाराही महिन्यांचा प्रश्न. 2023 च्या आधी ही रक्कम हजार होती, त्या वर्षी दीड हजार झाली. मिळण्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असावं लागतं. हा दाखला काढायला तलाठी, सेतू, तहसील अशा तीन चकरा झाल्या आणि प्रत्येक चकरीला ऑटोचे पैसे गेले.

पैसे येतात, पण त्यांची तारीख ठरलेली नसते. कधी महिन्याचे महिन्याला, कधी दोन महिन्यांचे एकदम. विजेच्या बिलावर मात्र शेवटची तारीख ठळक छापलेली असते. ती चुकली की सव्वा टक्का विलंब आकार. आणखी थकलं की कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस, मग वायर काढतात. मावशींची वायर एकदाच निघाली. दिवाळीत. त्याबद्दल त्या फार बोलत नाहीत.

[दृश्य : खिळ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी. त्यातून बिलांचा गठ्ठा निघतो.]

सगळी बिलं त्यांनी जपून ठेवली आहेत. हे मे 2024 चं. पन्नास युनिटं. वाचू या, कारण बिल येतं सगळ्यांच्या घरी आणि वाचत कोणीच नाही. खाली लिहिलेला आकडा बघतो, शिवी देतो आणि भरतो.

पहिली ओळ, स्थिर आकार : 128 रुपये. एक युनिटही जाळलं नाही, कुलूप लावून मुलाकडे गेलात, तरी हा लागणारच. त्यानंतर वीज आकार, पहिल्या शंभर युनिटांपर्यंत 4 रुपये 71 पैसे. वहन आकार, म्हणजे तारांवरून वीज घरापर्यंत आणण्याचं भाडं, युनिटला 1 रुपया 17 पैसे. केंद्र डोळ्यांसमोर असलं तरी वहन आकार सगळ्यांना सारखाच. या सगळ्यावर राज्य सरकारचं 16 टक्के वीज शुल्क. स्थिर आकारावरसुद्धा.

बेरीज करा. 489 रुपये आणि वर काही पैसे. इंधन समायोजन, म्हणजे इंधनाच्या खर्चातला फरक, धरलं की पाचशेच्या घरात जातं. दीड हजारातले पाचशे, पेन्शनचा तिसरा हिस्सा. त्यातले जवळजवळ दीडशे रुपये बटणाला हात लावण्याआधीचे.

[दृश्य : खोलीचा कोपरा. पत्र्याचा कूलर. मावशी त्याची जाळी उघडतात. आत घडी केलेल्या गोधड्या.]

हा कूलर. मुलाने सेकंडहँड आणून दिला होता. एक उन्हाळा चालला, आता त्यात गोधड्या आहेत. बाहेरगावच्या प्रेक्षकांना सांगायला हवं, चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जाणं ही बातमी नसते. पत्र्याखाली तर दुपारी पंखा फिरतो तो गरमच हवा खाली ढकलतो. इथे कूलर ही चैन नव्हे. पण दोनशे वॅटचा कूलर रोज दहा तास चालवला तर महिन्याला साठ युनिटं वाढतात. पन्नासाची एकशेदहा होतात. आणि शंभरावर पहिलं युनिट गेलं की त्याचा वीज आकार 4.71 उरत नाही, 10.29 होतो. त्याच दरांनी ते बिल साडेनऊशेच्या वर गेलं असतं.

म्हणून गोधड्या.

आम्ही बावळटासारखं विचारलं, मग दुपारी काय करता? मावशी उठल्या. लुगड्याचा पदर माठाखालच्या परातीत बुडवला, पिळला आणि डोक्यावर घेतला. "हे करतो." फरशीवर पाणी मारलं आणि तिथेच आडव्या झाल्या. कॅमेरा चालू होता म्हणून नाही. रोजची वेळ झाली होती.

[दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. चौकटींत पेन्सिलीने लिहिलेले आकडे.]

आता हे कॅलेंडर. बहुतेक घरांत या चौकटींत दुधाचा हिशेब असतो, नाहीतर गॅस कधी लावला ती तारीख. इथे रोजचं मीटर रीडिंग आहे. मावशींना वाचता येत नाही, आकडे येतात. रोज सकाळी चूळ भरली की स्टुलावर चढून मीटर बघतात आणि चौकटीत लिहितात.

हे दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. बचतगटाच्या बैठकीत कोणीतरी सांगितलं की दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांना विजेचा वेगळा, पुष्कळ स्वस्त दर असतो. खरं आहे. पण त्याला वापराची मर्यादा आहे, वर्षाला 360 युनिट. नुसतं पिवळं रेशनकार्ड असून भागत नाही. मावशींनी 360 ला वर्षाच्या दिवसांनी भागलं नाही, बोटांवर धरलं : रोजचं एक.

एक युनिट म्हणजे काय? हाच पंखा तेरा तास. त्यात दिवा नाही, टीव्ही नाही, मोबाइलचं चार्जिंग नाही. थंडीत जमतं. डिसेंबरच्या चौकटी बघा, आकडा दोन-दोन दिवस हलत नाही. मार्चपासून तो धावायला लागतो. दोन्ही वर्षं त्या मर्यादेबाहेर गेल्या, दोन्ही वेळा उन्हाळ्याने घात केला. जिथे उन्हाळा चार महिने भाजतो तिथेही मर्यादा तीच, महाबळेश्वरातही तीच. हे ज्याने ठरवलं त्याने एक मे महिना या पत्र्याखाली काढावा, एवढंच माझं म्हणणं.

वस्तीतला एक मुलगा त्यांना म्हणाला होता, "आजी, कायले एवढा हिशेब? आकडा टाकून देतो." आकडा टाकणं म्हणजे खांबावरच्या तारेला वायर अडकवणं, हे सांगायला नको. मावशी आकडा टाकत नाहीत, लिहितात. "पकडलं तं माही इज्जत जाईन, त्याचं काय जाते?"

[दृश्य : घरामागे तीन दगडांची चूल. बाजूला गॅसची शेगडी, फडक्याने झाकलेली.]

विजेचं झालं, आता चूल. मावशींकडे उज्ज्वलाचा गॅस आहे. योजना 2016 ची. कनेक्शन मिळालं, शेगडी मिळाली. सिलिंडर संपला की नवा भरायला नऊशेच्या आसपास लागतात. उज्ज्वलाच्या ग्राहकाला त्यावर तीनशे रुपये अनुदान आहे. 2024 मध्ये राज्याची अन्नपूर्णा योजना आली, वर्षाला तीन सिलिंडर फुकट. हेही खरं आहे, मावशींना मिळालेत. पण फुकट मिळण्याची रीत अशी आहे : सिलिंडर दारात आला की पूर्ण पैसे मोजायचे. अनुदान मागाहून बँकेत येतं.

ज्याच्याकडे नऊशे रुपये आहेत त्याला तो फुकट. ज्याच्याकडे नाहीत त्याने नऊशे उसने आणायचे, मग बँकेत जाऊन पासबुक भरून घ्यायचं, आले का बघायचं, नसतील तर पुन्हा जायचं. मावशी शेजारच्या किराणा दुकानदाराकडून घेतात. तो व्याज लावत नाही. पण मग सामान त्याच्याच दुकानातून घ्यावं लागतं आणि त्याची तूरडाळ बाजारापेक्षा महाग असते. हे व्याज कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

म्हणून गॅस फक्त चहाला आणि पाहुणा आला तर. स्वयंपाक चुलीवर. पूर्वी रेशनवर निळं रॉकेल मिळायचं, स्टोव्ह होता, तोही मार्ग गेला. उरली लाकडं. शहराच्या कडेची झुडपं, पडलेल्या फांद्या, कापसाच्या पऱ्हाट्या, कधी वाटेवर ट्रकमधून सांडलेला कोळसा. गुडघे दुखतात म्हणून लांब जात नाहीत. पण याच जिल्ह्यात गावोगावच्या बाया सरपणासाठी आणि पानांसाठी जंगलात जातात, आणि जंगल वाघाचं आहे. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूपत्ता मजुरीसाठी, सरपण चुलीसाठी. जंगलात जायची वाट एकच.

[दृश्य : बिल भरणा केंद्राबाहेरची रांग.]

ऑनलाइन बिल भरलं तर पाव टक्का सूट आहे. कागदी बिल नको, ई-मेलवर चालेल म्हटलं की बिलामागे दहा रुपयांच्या हिशेबाने सूट आहे. मावशींचा फोन बटणांचा. त्या इथे रांगेत उभ्या राहतात, जाऊन-येऊन चाळीस रुपये ऑटोला देतात आणि पूर्ण बिल भरतात. उन्हाळ्यातच आणखी एक कागद येतो, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा. दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी ठेव कंपनीकडे असावी असा नियम आहे. वापर वाढला की फरक मागतात. ठेवीवर व्याज मिळतं, हप्तेही करून मिळतात, पण तेवढं विचारायचं असतं हे आधी माहीत असावं लागतं. मावशींनी पहिल्यांदा तो कागद दुसरं बिल समजून दोन रात्री झोप घालवली.

आणि हो, छतावरची सौर वीज. राज्याने 2025 मध्ये गरीब ग्राहकांसाठी योजना काढली. एक किलोवॅटला केंद्राचे 30 हजार, दारिद्र्यरेषेखालच्यांना राज्याचे साडेसतरा हजार, म्हणजे ग्राहकाला साधारण अडीच हजारच. योजना चांगली आहे. मीही उत्साहाने मावशींना सांगितलं. त्यांनी वर बघितलं. पत्रा, त्यावर वारा येऊन उडू नये म्हणून ठेवलेले दगड आणि एक जुना टायर. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी विषय बदलला.

[दृश्य : रात्र. नवतप्याचे दिवस. मावशी खाटेवर.]

नवतपा लागलाय, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस. रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर भाजतं. काल दिवसभर त्यांनी पंखा लावला नाही. वस्तीच्या टोकाच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसल्या, तिथे फरशी गार असते आणि पंखा देवाचा. संध्याकाळी घरी आल्या, नऊला पंखा लावला. शेजारची पाच वर्षांची पोरगी त्यांच्याकडे झोपायला आली होती. ती होती म्हणून पंखा मध्यरात्री बंद झाला नाही. पोरगी घामाने दोनदा उठली, मावशींनी पुठ्ठ्याने वारा घातला. वर पंखा चालू, खाली पुठ्ठा.

तीन वाजता पोरीला गाढ झोप लागली. मावशी उठल्या.

[बटणाचा आवाज. पंख्याची घरघर हळूहळू थांबते.]

मीटरवरचा लाल दिवा आता लुकलुकायला वेळ घेतो. घरात फक्त नऊ वॅटचा बल्ब उरलाय. दोन मिनिटांनी एकदा.

[दृश्य : सकाळ. मावशी स्टुलावर. मग कॅलेंडरची चौकट. पेन्सिल.]

कालच्या चौकटीत 4127.

आज 4128.

"एकच पडलं," मावशी म्हणाल्या, आणि स्टूल उचलून जागेवर ठेवलं.