उणे चाळीस सेंटिमीटर

[दृश्य: विमानाच्या खिडकीतून. पट्टीने आखल्यासारखी हिरवी शेतं, मधून पाण्याच्या चकाकत्या रेघा.]

आपलं विमान उतरतंय ते एका सरोवराच्या तळाशी. आज जिथे नेदरलँड्समधला स्किपोल विमानतळ आहे, तिथे १८५२ पर्यंत हार्लेमरमेर नावाचं प्रचंड सरोवर होतं. वाफेवर चालणाऱ्या तीन उपसा केंद्रांनी वर्षानुवर्षं पाणी खेचलं, तेव्हा कुठे तळ उघडा पडला. त्यावर शेतं झाली, पुढे धावपट्ट्या झाल्या. त्या समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली आहेत. पासपोर्टच्या रांगेत हे आईला सांगितलं, तर तिने आधी छताकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

ॲमस्टरडॅम. हातात अडीच दिवस. संग्रहालयांची यादी घेऊन पळत सुटलो तर पाय दुखतात आणि लक्षात राहतात फक्त रांगा. म्हणून एकच गोष्ट धरायची ठरवली, पाणी. ते नेईल तिकडे जायचं.

[दृश्य: सेंट्रल स्टेशनची लाल विटांची इमारत. समोर ट्राम, सायकली, पुन्हा सायकली.]

हे स्टेशन १८८९ चं. पाण्यात भराव घालून बेटं केली आणि त्यांत ८,६८७ लाकडी खांब ठोकून वर ही इमारत उभारली. समोर दिसणाऱ्या पाण्याच्या खाली २०२३ पासून ७,००० सायकलींचा वाहनतळ आहे. उतारावरून आत शिरलं की डोक्यावर पाणी असल्याचा पत्ताही लागत नाही.

थोडं पुढे डाम चौक. ॲमस्टेल नदीवर तेराव्या शतकात बांध घातला, त्या बांधाचीच ही जागा. गावाचं नावही त्यावरून पडलं. ते पहिल्यांदा सापडतं १२७५ च्या एका जकातमाफीच्या कागदात. चौकातला राजवाडा मुळात नगरपालिकेची इमारत, १६५५ मध्ये खुली झालेली. तिच्या पोटात किती खांब आहेत, हे इथल्या पोरांना तोंडपाठ असतं. वर्षाचे दिवस ३६५. पुढे एक लावा, मागे नऊ. १३६५९.

लाकूड पाण्यात कुजत कसं नाही? कुजायला हवा लागते. खांब पूर्ण बुडालेला राहिला, तर शतकानुशतकं टिकतो. दलदलीच्या मऊ थरातून सुमारे १२ मीटर खाली गेल्यावर वाळूचा घट्ट थर लागतो, त्यावर त्याचं टोक टेकतं. पण जमिनीतलं पाणी खाली गेलं आणि खांबाचं डोकं उघडं पडलं, की बुरशी लागते. म्हणजे या शहराला पूर जेवढा नको, तेवढीच पाण्याची घटही नको. पाणी जिथल्या तिथे राहिलं पाहिजे.

[दृश्य: कालव्याकाठची अरुंद, उंच घरं. कॅमेरा हळूहळू वर सरकतो.]

"अगो, ही घरं पडतायत बघ!" आई म्हणाली.

पडतायत खरी. काही डावीकडे, काही उजवीकडे. कुठले खांब खचले ते बाहेरूनच वाचता येतं. पण पुढे झुकलेल्या घरांची गोष्ट वेगळी. ती बहुतेकदा मुद्दाम तशी बांधलेली आहेत. वर बघा, छताच्या त्रिकोणाखाली एक तुळई बाहेर आलीये आणि तिच्या टोकाला लोखंडी आकडा आहे. घर इतकं अरुंद, जिना इतका उभा, की कपाट जिन्याने वर जाणं शक्यच नाही. मग कप्पी लावायची, दोर टाकायचा आणि सामान खिडकीतून आत घ्यायचं. भिंत पुढे कललेली असली, की चढणारा माल तिच्यावर आपटत नाही. एकेकाळी या माळ्यांवर मसाल्याची पोती चढायची, आता सोफे चढतात. आजकाल शिडीवर चालणारी मोटरची लिफ्ट येते म्हणा, पण आकडे कुणी काढलेले नाहीत.

[दृश्य: नकाशा. अर्धचंद्राकार कालवे एकामागून एक उमटतात.]

१६१३ मध्ये शहराने ठरवून, आखून कालवे खणायला घेतले. आतून बाहेर मोजत गेलं तर हेरेनख्राख्त, काय्झर्सख्राख्त, प्रिन्सेनख्राख्त. 'ख्राख्त' म्हणजे कालवा. उच्चार घशातून खाकरून करायचा, आपल्याला तो लगेच जमतो. नावांचा क्रम मात्र बघण्यासारखा आहे. मध्याला सगळ्यात जवळचा कालवा हेरेन, म्हणजे शहराचा कारभार हाकणाऱ्या बड्या मंडळींचा. सम्राटाचा नंबर त्यांच्यानंतर, राजपुत्र त्याच्याही पलीकडे. गावात कुणाचं चालत होतं, ते वेगळं सांगायला नको.

[दृश्य: प्रिन्सेनख्राख्त. वेस्टरकेर्क चर्चचा मनोरा. घंटेचा आवाज.]

कालव्याकाठची घरं दर्शनी भागात चिंचोळी, पण मागे खोल जातात. अनेकदा पुढचं घर, मध्ये छोटा चौक आणि मागे दुसरं घर. कालव्यावरून ते मागचं घर दिसतच नाही. प्रिन्सेनख्राख्त २६३ च्या अशाच मागच्या भागात रोजनिशी लिहिणारी ज्यू मुलगी ॲन फ्रँक आणि आणखी सात माणसं नाझींपासून लपून राहिली होती. तिचं कुटुंब ६ जुलै १९४२ ला इथे आलं. ४ ऑगस्ट १९४४ ला सगळे पकडले गेले. मनोऱ्याची घंटा आतही ऐकू यायची. आता इथे संग्रहालय आहे. तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात आणि लवकर संपतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाबरोबरच हेही बघा. आत चित्रीकरण नाही. आम्ही बाहेर आलो आणि बराच वेळ नुसतंच चालत राहिलो.

[दृश्य: योर्डानमधल्या गल्ल्या. रुंद रस्ता, झाडं, शनिवारचा बाजार.]

पलीकडे योर्डान. एकेकाळी कामगारांची दाट वस्ती, आता जागांचे भाव गगनाला भिडलेले. इथल्या लिंडेनख्राख्तच्या नावात कालवा आहे, रस्त्यावर थेंब नाही. घाण आणि दुर्गंधीला कंटाळून एकोणिसाव्या शतकात असे कितीतरी कालवे बुजवले गेले. हा बुजायच्या आधी, १८८६ च्या जुलैत, इथे कालव्यावर दोर ताणून त्याला जिवंत ईल मासा बांधला होता. होडीतून जाताना तो हिसकायचा, असा खेळ. क्रूर म्हणून बंदी घातलेला. पोलिसांनी दोर कापला आणि लोक भडकले. दंगल चिघळली, सैन्य आलं, २६ माणसं मेली. आज त्या जागी चीज आणि फुलं विकायला असतात.

चीजच्या गाडीवर आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि थबकली. "जिरं आहे यात." होतंच. शेजारच्या चीजमध्ये लवंगा होत्या. मग हेरिंग. कच्चा, खारवलेला मासा, वर बारीक चिरलेला कांदा आणि काकडीचं लोणचं. आईचं माहेर वेंगुर्ल्याचं, ती माशाला घाबरणारी नव्हे. पण शिजवलेला नाही म्हटल्यावर तिने डिश माझ्याकडे सरकवली. कांदा तेवढा खाल्ला.

[दृश्य: आउडे होखस्ट्राट. कमानीतून विटांचं अंगण.]

वेंगुर्ल्याचा विषय निघालाच आहे तर हे अंगण बघा. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली, तिची ही कचेरी. आता विद्यापीठाची इमारत. विद्यार्थी सायकली लावून आत जातात. याच कंपनीची वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्यात होती. पोर्तुगिजांच्या गोव्याची कोंडी करणाऱ्या डच जहाजांना तिथून रसद मिळायची. त्या वखारीच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. आई लहानपणी त्यांच्याजवळून शाळेत जायची. "आम्ही तिकडे फिरकायचो नाही, जनावराची भीती," एवढंच ती म्हणाली. जनावर म्हणजे साप, हे कोकणाबाहेरच्या प्रेक्षकांसाठी.

कालव्याकाठची सगळी श्रीमंती काही मिरी-जायफळातून आलेली नाही. गुलामांच्या व्यापारातही या शहराचा हात होता. त्याबद्दल महापौरांनी १ जुलै २०२१ ला जाहीर माफी मागितली.

[दृश्य: महानगरपालिकेची आधुनिक इमारत. आत पाण्याने भरलेले काचेचे उंच नळ.]

या प्रवासातली माझी सर्वांत आवडती जागा पालिकेच्या इमारतीत निघाली. इथे पाण्याने भरलेले तीन नळ आहेत. दोन नळांत समुद्रकाठच्या दोन ठिकाणची भरती-ओहोटी आत्ता किती आहे ते दिसतं. ते पाणी आपल्या कमरेच्या आसपास रेंगाळतं. तिसरा नळ बघायला मान मागे टाकावी लागते. १९५३ च्या महापुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते त्यात दिसतं. साडेचार मीटरच्याही वर. त्या एका पुराने नेदरलँड्समध्ये १,८३६ बळी घेतले.

खाली उतरलं की एका खांबाच्या माथ्यावर पितळेचं बोंड आहे. ते म्हणजे शून्य. ॲमस्टरडॅमची प्रमाण पातळी, जिच्यावरून अख्ख्या देशाची उंची-खोली मोजतात. सतराव्या शतकात योहानेस हुडे नावाचा गणितज्ञ इथे महापौर होता. त्याने पाणदरवाजांवर खुणेचे दगड बसवले, तिथून ही मोजणी सुरू झाली. कालव्यांची पातळी ठरलेली आहे, या शून्याच्या ४० सेंटिमीटर खाली. बाहेर आपण फोटो काढतो ते सगळं, पूल, प्रतिबिंबं, दिव्यांच्या माळा, हा आकडा सांभाळला जातो म्हणून जागेवर आहे.

पाणी साचून नासू नये, म्हणून काही रात्री पाणदरवाजे लावतात आणि पूर्वेच्या सरोवरातून ताजं पाणी आत सोडतात. तरीही सगळं सुरळीत नाही. १ सप्टेंबर २०२० ला ख्रिम्बुर्गवाल इथली धक्क्याची जुनी भिंत ध्यानीमनी नसताना पाण्यात कोसळली. या भिंती बांधल्या तेव्हा त्यांवरून हातगाड्या जायच्या, आता ट्रक जातात. सुमारे २०० किलोमीटर भिंतींचा प्रश्न पालिकेसमोर आहे. फिरताना मध्येच लोखंडी आधार आणि तोडलेली झाडं दिसली, तर ती याच कामाची.

[दृश्य: शेवटची सकाळ. धुकं. एका सपाट बोटीवर क्रेनचा पंजा.]

निघायच्या दिवशी पुलावर दहा-बारा माणसं वाकून बघत होती. कालव्यांच्या खोलीबद्दल इथे एक विनोद सांगतात. एक मीटर गाळ, एक मीटर सायकली, एक मीटर पाणी. खाली त्या मधल्या मीटरची सफाई चालली होती. पंजा काळ्या पाण्यात बुडाला, थोडा चाचपडला आणि वर आला. दातांत एक लाल सायकल, चाकात शेवाळ, हँडलला शिंपले. चालकाने ती बोटीवरच्या ढिगाऱ्यावर सोडली. ती आपटली आणि तिची घंटी वाजली.

पुलावरचे सगळे हसले. पंजा पुन्हा पाण्यात गेला.