चष्मा कोणी ठरवला?

नमस्कार, श्रोतेहो.

२०२२ साली अमेरिकेत, कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत, डिजिटल कलेचं पहिलं बक्षीस एका एआय चित्राला मिळालं. जेसन ॲलन यांनी ते मिडजर्नी या, शब्दांवरून चित्र बनवणाऱ्या एआय साधनाकडून करून घेतलं होतं. किमान ६२४ वेळा सूचना दिल्या, असं ते सांगतात. पुढे त्यांनी कॉपीराइट मागितला. अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालय म्हणालं, यंत्रानं केलेला भाग वगळून अर्ज करा. ते कबूल झाले नाहीत आणि २०२३ मध्ये अर्ज फेटाळला गेला.

६२४ वेळा! माणसानं एवढी मेहनत केली, मग हक्क का नाही, असं मलाही आधी वाटलं. पण नुसत्या मेहनतीवर कॉपीराइट मिळत नाही. १९९१ साली अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयानं टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात हे स्पष्ट केलं होतं. नावं-नंबर गोळा करायला कितीही घाम गाळा, त्यात स्वतःची काही निर्मिती हवी.

यावर लगेच कॅमेऱ्याचा दाखला दिला जातो. कॅमेराही यंत्रच, मग फोटोग्राफरला हक्क कसा? हा प्रश्न चांगला आहे आणि तो १८८४ मध्येच कोर्टात आला होता. फोटोग्राफर नेपोलियन सॅरोनी यांनी काढलेला लेखक ऑस्कर वाइल्ड यांचा फोटो एका छपाई कंपनीनं परस्पर छापला. यंत्रानं समोरचं टिपलं, त्यात कर्तृत्व कसलं, असं कंपनीचं म्हणणं. न्यायालयानं तो फोटो नीट पाहिला. वाइल्डना बसवलं कसं, कपडे कोणते, मागचा पडदा, उजेड कुठे आणि सावली कुठे, हे सगळं सॅरोनींनी ठरवलेलं होतं. हक्क त्यांना मिळाला.

आता मी स्वतः करून पाहिलेलं सांगते. ‘खिडकीशी बसलेली म्हातारी, संध्याकाळचा उजेड’ एवढंच लिहिलं. एक चित्र आलं. तेच शब्द, काना-मात्रा न बदलता, पुन्हा दिले. दुसरीच म्हातारी आली. पहिलीच्या हातात चष्मा होता, दुसरीच्या मांडीवर मांजर. चष्मा कोणी ठरवला? मी नाही. मांजर तर माझ्या मनातही नव्हतं. सॅरोनींनी पडदा सरकवला की फोटोत पडदा सरकायचा. माझे शब्द आणि ते चित्र यांच्यात तसा धागा नाही. मी फर्माईश केली होती, चित्र काढलं नव्हतं.

सगळीकडे असंच मानतात असं नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात संगणकनिर्मित कृतीलाही ५० वर्षांचं संरक्षण आहे. भारतात १९९४ च्या दुरुस्तीनं, संगणकाकडून कृती घडवून आणणाऱ्या व्यक्तीला लेखक मानलं. ही वाक्यं लिहिली गेली तेव्हा असली यंत्रं कोणासमोर नव्हती. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयानं मात्र २०२३ मध्ये, सूचना आणि निवड माणसाची म्हणून, एका एआय चित्रावर वापरणाऱ्याचा हक्क मान्य केला.

मला ते पटत नाही आणि मला त्याची धास्तीही वाटते. बटण दाबून दिवसाला हजारो चित्रं निघतात. त्या प्रत्येकावर मालकी मिळाली, तर उद्या हातानं म्हातारी काढणाऱ्या चित्रकाराला कोणाच्या तरी साठ्यातल्या म्हातारीशी साम्य दाखवून नोटीस येईल. शिवाय ही यंत्रं शिकली ती त्याच चित्रकारांची चित्रं बघून, बहुतेकदा न विचारता.

म्हणून मला अमेरिकी कार्यालयाची भूमिका जवळची वाटते. २०२५ च्या अहवालात ते म्हणतं, नुसत्या सूचना पुरेशा नाहीत. पण माणसानं केलेले बदल, मांडणी, स्वतःची भर, तेवढ्यापुरता हक्क मिळू शकतो. तुम्ही एआय वापरत असाल तर कच्ची रेखाटनं, मधले टप्पे जपून ठेवा. आपला भाग कुठला, ते दाखवता आलं पाहिजे.

त्या दुसऱ्या चित्रावर मी नंतर दोन संध्याकाळ बसले. मांजर पुसलं. तिथे म्हातारीचे हात काढले, एकात एक गुंतवलेले, फुगलेल्या शिरांचे. पाच वेळा खोडून. कोणी विचारलं, तर त्या हातांवर मी हक्क सांगेन. चेहऱ्यावर सांगणार नाही.

नमस्कार.