मूल गेल्यावर आईबाबांच्या मेंदूत काय होतं

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी काही जणांनी हे स्वतः भोगलंय याची मला कल्पना आहे, त्यामुळे मध्येच उठून जावंसं वाटलं तर खुशाल जा, परत यावंसं वाटलं तर या.

मूल गमावलेल्या आईबाबांकडून मी सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न म्हणजे ‘मला वेड लागतंय का?’ आणि त्यांच्या नातेवाइकांकडून ऐकलेला म्हणजे ‘वर्ष होऊन गेलं, अजून किती दिवस असंच चालणार?’ या दोन्ही प्रश्नांना आज मेंदूच्या बाजूने उत्तर द्यायचंय.

मुळात आईबाप होण्यानेच मेंदू बदलतो. २०१७ साली एल्सेलिन हुक्झेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, त्यात पहिल्या गरोदरपणाच्या आधी आणि नंतर बायकांचे स्कॅन केले होते, आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायला जे भाग लागतात नेमका तिथला ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूतल्या पेशींचा करडा थर, बदललेला दिसला. दोन वर्षांनीही तो बदल तसाच होता. बाबांचा मेंदूही बदलतो, तो मुलाला सांभाळून सांभाळून बदलतो, रात्री उठून, आंघोळ घालून, कडेवर घेऊन. म्हणजे मूल असतं त्या काळात मेंदूचा बराचसा भाग एकाच गोष्टीची नोंद ठेवत असतो की ते आत्ता कुठे आहे, त्याला काय हवंय, कधी येणार.

आता ते मूल नाही. पण ही नोंद ठेवणारी यंत्रणा त्या दिवशी बंद होत नाही ना.

नॉर्वेत ट्रॉनहाइमला मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या मेंदूसंशोधकांची लॅब आहे, त्यांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं. २०१३ साली या लॅबमधून एक काम आलं. उंदराच्या पेटीत एक वस्तू ठेवायची, त्याला तिची ओळख होऊ द्यायची आणि मग ती काढून घ्यायची. उंदीर परत त्या जागी आला की मेंदूतल्या काही पेशी फायर होतात, म्हणजे जाग्या होऊन सिग्नल देतात, जिथे आता काहीच नाहीये अगदी त्या जागेवर, आणि हे कित्येक दिवस चालू राहतं. मेंदूचा अंदाज असतो की इथे काहीतरी असायला हवं. हे उंदरांचं आहे, वस्तूचं आहे, तेव्हा थेट माणसाला लावू नका. पण मला भेटलेली एक आई रोज साडेतीनला हातातलं काम टाकून उभी राहायची. शाळा सुटायची वेळ. चप्पल घालून, किल्ली घेऊन दारापर्यंत जायची आणि तिथे तिला आठवायचं. मोबाइलमधला अलार्म तिने कधीच काढून टाकला होता, शरीर मात्र उठायचंच. ती मला म्हणाली, ‘अंत्यविधीला मी होते हो, मला माहितीये सगळं, मग मी दारात का उभी असते?’

तर बघा, ‘मूल गेलं’ ही एक घटना म्हणून आठवण असते, ती मेंदूत लगेच बसते, त्या दिवसाचा एकेक मिनिट लोकांना आठवतो. आणि ‘ते कुठेतरी आहे, मला त्याच्यापर्यंत पोचायचंय’ हे हजारो दिवसांच्या सवयीतून झालेलं शिक्षण असतं. मेरी-फ्रान्सिस ओकॉनर या अमेरिकन संशोधिकेची मांडणी अशी आहे की दुःख म्हणजे या दोन गोष्टींची ओढाताण, आणि दुसरी बदलायला मेंदूला नवीन दिवस जगावे लागतात, प्रत्येक साडेतीनला मूल आलेलं नाही हे पुन्हा पुन्हा अनुभवावं लागतं. म्हणून वेळ लागतो. हा कमकुवतपणा नाही आणि वेड तर अजिबात नाही.

याच बाईंनी २००८ मध्ये एक स्कॅनचा अभ्यास केला होता, आई किंवा बहीण ब्रेस्ट कॅन्सरने गेलेल्या बायकांवर. ज्यांचं दुःख अडकून बसलं होतं त्यांना गेलेल्या माणसाचा फोटो दाखवला की वेदनेच्या भागांसोबत न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्सही पेटायचा, म्हणजे ओढ आणि बक्षीस यांच्याशी जोडलेला भाग, आणि ओढ जितकी जास्त तितका तो जास्त. यात मूल गमावलेले आईवडील नव्हते हे लक्षात ठेवा. पण फोनमधले जुने व्हिडिओ रात्री तीन वाजता परत परत का बघावेसे वाटतात याची थोडी कल्पना येते. थेट या विषयावरचा अभ्यास जर्मनीतल्या अ‍ॅनेटे केर्स्टिंग यांचा, २००९ चा. गरोदरपणात बाळ गमावलेल्या बायकांना हसऱ्या बाळांचे चेहरे दाखवले, तर सिंग्युलेट, थॅलॅमस, ब्रेनस्टेम असे मेंदूतले शारीरिक वेदनेत सामील असलेले भाग जास्त अ‍ॅक्टिव्ह झाले. तेव्हा मूल गेलेली मैत्रीण तुमच्या बाळाला बघायला आली नाही तर तिला मत्सरी म्हणू नका, प्लीज. तिला ते बघून खरोखर दुखतं.

पहिल्या काही महिन्यांतलं धुकं तर सगळेच सांगतात. एकच ईमेल चार वेळा वाचायचा आणि काही डोक्यात शिरायचं नाही, गाडी कुठे लावली ते आठवायचं नाही. झोप उडालेली, स्ट्रेसचे हार्मोन्स चढलेले आणि मेंदूची बरीचशी ताकद आत चाललेल्या त्या ओढाताणीवर खर्च होत असते, मग बाकीच्या गोष्टींना उरणार काय. मात्र ‘दुःखाने मेंदू आकसतो’ अशा हेडलाइन्सवर विश्वास ठेवू नका. रॉटरडॅममध्ये वयस्कर लोकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अडकलेलं दुःख आणि मेंदूचा थोडा कमी आकार एकत्र दिसले होते, पण कशामुळे काय झालं हे त्यातून ठरत नाही.

वर्षांचा हिशोब मात्र पक्का आहे आणि तो डेन्मार्कमधून येतो, कारण तिथे सगळ्या नागरिकांची रजिस्टर्स आहेत. २००५ मध्ये जवळपास ११ लाख लोकांचा डेटा बघितला गेला. मूल गेलेल्या आईबाबांना मानसिक आजारासाठी पहिल्यांदा हॉस्पिटलमध्ये भरती व्हायची शक्यता मूल न गेलेल्यांपेक्षा ६७ टक्के जास्त निघाली, आयांमध्ये ७८ आणि बाबांमध्ये ३८ टक्के. आयांचा धोका पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त होता, पण पाच वर्षांनंतरही तो वाढलेलाच होता. त्याआधीच्या, डेन्मार्कमधल्याच २००३ च्या अभ्यासात आयांमधले अनैसर्गिक मृत्यू, म्हणजे अपघात, आत्महत्या वगैरे, पहिल्या तीन वर्षांत जवळपास चौपट होते, आणि आजारपणाने होणारे मृत्यू कधी वाढलेले दिसले माहितीये? दहाव्या ते अठराव्या वर्षात! तोपर्यंत सगळ्यांना वाटत असतं की ही आता सावरली.

मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचं मला इथे आठवतं. १९१७ मध्ये त्यांनी मांडलं होतं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसातून मन काढून घेणं. १९२० मध्ये त्यांची मुलगी सोफी गेली. आणि १९२९ मध्ये, तिचा छत्तिसावा वाढदिवस असता त्या दिवशी, मुलगा गमावलेल्या एका मित्राला त्यांनी लिहिलं की तीव्र शोक ओसरेल, पण आपलं सांत्वन कधी होणार नाही आणि त्या जागी दुसरं कोणी येणार नाही, आणि ते तसंच असायला हवं. आजचे बरेच संशोधक याच बाजूचे आहेत, मुलाशी नातं राहतं, फक्त त्याचं रूप बदलतं.

नवराबायकोंबद्दल एक सांगते. १९९९ मध्ये श्ट्रोबं आणि शुट या शोकाच्या अभ्यासकांनी सांगितलं की शोकात माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे खातो, कधी दुःखाकडे, कधी रोजच्या कामांकडे, आणि दोन्ही लागतं. आता एकाच घरात एक जण दुःखाच्या टोकाला असताना दुसरा कामात डोकं घालून बसलेला असतो, आणि तिला वाटतं याला काही वाटतच नाही, त्याला वाटतं हिला बाहेर यायचंच नाही. भांडणं तिथे होतात. दोघांचे हेलकावे एका वेळी येत नाहीत, एवढंच त्यातलं खरं कारण असतं बरेचदा.

मदत कधी घ्यायची? आजारांचं निदान ज्यांवरून करतात त्या दोन याद्या आहेत, जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची डीएसएम-५-टीआर; पहिलीत सहा महिने आणि दुसरीत मोठ्यांसाठी बारा महिने अशी मर्यादा आहे, त्यानंतरही जवळपास रोज तीच तीव्र ओढ असेल आणि जगणं ठप्प असेल तर प्रोलॉन्ग्ड ग्रीफ डिसॉर्डर, म्हणजे लांबलेल्या शोकाचा आजार, म्हणतात. मूल गेलेल्यांना हे सहा महिने फारच कमी आहेत असं माझं स्पष्ट मत आहे, पण निदान झालं की मदतीचा रस्ता उघडतो म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांनी यासाठीच सोळा सेशन्सची थेरपी तयार केली, २००५ च्या चाचणीत तिला ५१ टक्के लोकांनी प्रतिसाद दिला, तुलनेतल्या नेहमीच्या थेरपीला २८ टक्के. त्यांच्याच नंतरच्या चाचणीत असंही दिसलं की डिप्रेशनच्या गोळीने शोक हलत नाही, थेरपीसोबत घेतली तर डिप्रेशनची लक्षणं मात्र कमी होतात. म्हणजे गोळी लिहून दिली म्हणून काम झालं असं डॉक्टरांनीही समजू नये. आणि ‘मलाही त्याच्याकडे जायचंय’ हे वाक्य आई किंवा बाबा बोलले तर वर्षबिर्ष मोजत बसू नका, दहावं वर्ष असलं तरी, त्यांना सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतोय का, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन जा.