मुळेचं पाणी, कुंडलिकेची लाट

[पिंप्रीचा कडा, सकाळ. समोर कुंडलिकेचं खोरं.]

ताम्हिणी घाटाच्या माथ्यावर, पिंप्री गावाच्या शेजारी, सह्याद्रीची कड आहे. कडेखाली कुंडलिकेचं खोरं. दोन्ही अंगांना उभे कातळ, मधे तळ न दिसणारी घळ, आणि दूर पश्चिमेला भिऱ्याच्या पाण्याची चकाकी. अलीकडे मावळ, पलीकडे कोकण.

चौघं मित्र इथून पाठीवर सॅक घेऊन निघालेत. त्यांना पोचायचंय साजे गावाच्या काठावर, कुंडलिकेच्या पांढऱ्या, म्हणजे खडकांवरून फेसाळत धावणाऱ्या पाण्यात कयाक घालायला. होड्या जीपच्या टपावर बांधून घाटरस्त्याने पुढे गेल्या आहेत. हे चौघंही त्याच जीपमधे बसू शकले असते. पण ज्या पाण्यावर उतरायचं, ते पाणी डोंगराच्या कुठल्या बाजूने आलं हे पायांना कळावं, म्हणून त्यांनी अंधारबनाची वाट धरली.

[आकाशातून मुळशीचा जलाशय.]

कारण हे पाणी जन्माने कुंडलिकेचं नाही.

पावसाळा सरला की कुंडलिकेत जे जोरकस पाणी दिसतं, ते मुळा नदीचं असतं. मुळा सह्याद्रीत उगवते आणि पूर्वेला निघते. पुण्यात मुठेला भेटते, पुढे भीमेला. भीमा कृष्णेत मिसळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते. ही मुळेची मूळची वाट. मुळशीला टाटांच्या कंपनीने धरण बांधलं, पाणी अडवलं, डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवलं आणि पोलादी नळांतून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला आणलं. 1927 साली भिऱ्याचं वीजगृह सुरू झालं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी त्या वर्षापासून अरबी समुद्राला मिळू लागलं.

[जलाशयाचा काठ. पाण्याबाहेर आलेली लाल माती. कॅमेरा पाण्यावर स्थिर.]

या पाण्याखाली मुळशी पेट्याची गावं आहेत. पन्नासच्या आसपास गावं, आंबेमोहोर पिकवणारी भाताची खाचरं, देवळं, मसणवटे. जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच शेतांमधे चाचणीचे चर खणले जाऊ लागले, आणि मावळे उठले. 1921 साली रामनवमीच्या दिवशी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. माणसं खणलेल्या चरांमधे जाऊन बसली. बायकाही उतरल्या. लोक तुरुंगात गेले, सुटून आले आणि पुन्हा तिथेच जाऊन बसले. बापटांना ‘सेनापती’ म्हणायला महाराष्ट्राने इथूनच सुरुवात केली. लढा 1924 पर्यंत चालला. धरण झालं. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज मिळाली.

धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटितपणे उभं राहण्याचं हे जगातल्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक. कुंडलिकेच्या काठावरच्या कोलाडला होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलं गेलं पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं. तो जी लाट कापतो, तिच्यामागे ही माणसं आहेत.

[अंधारबन. झाडांतून झिरपणारा उजेड, पायवाट, चालणारे बूट.]

पिंप्रीपासून भिऱ्यापर्यंतची ही वाट 13-14 किलोमीटरची. सुरुवातीला आडवी, कड्याच्या कडेकडेने. अंजनी, जांभूळ, हिरडा यांची दाटी इतकी की दुपारीही खाली सावली असते. नाव अंधारबन पडलं ते उगाच नाही. उजव्या हाताला झाडांची फट आली की खोरं पुन्हा दिसतं, आणि प्रत्येक फटीतून ते आधीपेक्षा थोडं जवळ आलेलं असतं.

पावसाळ्यात इथे धबधबे अंगावर येतात आणि गर्दीही. हिवाळ्यात वाट मोकळी असते. ओढे आटलेले, कातळ कोरडा. सॅकमधे रात्रीच्या मुक्कामाचं सामान, शिधा, दोर, आणि पाणी. आटलेल्या ओढ्यांच्या या डोंगरात पिण्याचं पाणी पाठीवर वाहायचं, आणि डोंगराच्या पोटातून मुळेचं पाणी खाली धावतंय हे मनात ठेवून चालायचं.

[हिरडी. देऊळ, अंगण, पानावरची भाकरी.]

जंगलाच्या पोटात हिरडी गाव आहे. देवळाच्या सावलीत सॅक उतरतात. तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. यापुढे उतार. सुटी माती, घसरडा मुरूम, गुडघ्यांची परीक्षा.

[उतरणीवरून भिऱ्याचा जलाशय. दूर डोंगरावरून उतरणारे नळ.]

आणि मग ते दिसतात. डोंगराच्या अंगावरून सरळ खाली उतरणारे पोलादी नळ. नळांच्या तळाशी पाणी तोंडातून सुटतं आणि पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतं. चक्र फिरतं, वीज होते. मग पाणी खालच्या तलावात जमा होतं. तिथून सुटताना आणखी एका वीजगृहातून जातं, आणि शेवटी नदीच्या पात्रात येतं. पाणी नळातून जे अंतर उतरलं, ते आपण दिवसभर पायांनी उतरलो, हे या ठिकाणी उभं राहिल्यावर चौघांच्याही चेहऱ्यावर दिसतं.

भिरा उन्हासाठी प्रसिद्ध. 2017 च्या मार्चअखेर इथे 46.5 अंश तापमानाची नोंद झाली होती. म्हणून आम्ही आलो जानेवारीत.

[संध्याकाळ. संथ पाणी. पिवळी, लाल, निळी, हिरवी अशा चार कयाक.]

नदीवर उतरण्याआधी संथ पाण्यात एक गोष्ट पक्की करायची असते, रोल. उलटलेली कयाक आत बसल्याबसल्या पुन्हा सरळ करणं.

कयाक ही मुळात आर्क्टिकमधल्या इनुइट शिकाऱ्यांची होडी. हाडा-लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं. तिथल्या समुद्रात माणूस पाण्यात पडला की थंडीनेच जातो, म्हणून होडीतून बाहेर न पडता सरळ व्हायची विद्या त्यांनी साधली. युरोपात ती शिकणारा पहिला माणूस म्हणून ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटाचं नाव घेतात. साल होतं 1927. इथे भिऱ्याची चक्रं फिरू लागली तेच वर्ष.

[पाण्याखालचा कॅमेरा. पिवळी कयाक उलटते.]

पिवळ्या होडीतली आमची मैत्रीण यंदा पहिल्यांदाच वाहत्या पाण्यात जाणार आहे. कमरेभोवती स्प्रे स्कर्ट, होडीच्या तोंडावर घट्ट बसवलेला, म्हणजे आत पाणी शिरत नाही. होडी उलटली की डोकं खाली, कानात पाणी, दिशा हरवलेली. शरीर म्हणतं, डोकं वर काढ. ते ऐकायचं नाही. आधी पुढे वाकायचं, नाक होडीला टेकेल इतकं. त्याने चेहरा दगडांपासून वाचतो. मग दोन पात्यांचं वल्हं होडीच्या कडेला समांतर, पृष्ठभागाशी आणायचं. पुढचं पातं पाण्यावरून अर्धवर्तुळात बाहेर ओढायचं. त्याच क्षणी कंबर वळवायची आणि एका गुडघ्याने होडी वर उचलायची. आधी होडी सरळ होते, मग धड, आणि डोकं सगळ्यांत शेवटी.

[काठावरून आवाज: “डोकं शेवटी गं! डोकं शेवटी!”]

काठावरून ओरडतोय तो साज्याजवळचाच एक तरुण. लहानपणापासून याच नदीत पोहलेला, पुढे राफ्टवर, म्हणजे पर्यटकांच्या रबरी होडीवर लागला, आता राफ्टच्या पुढे कयाक घेऊन जातो. पडलेल्यांना उचलणं हे त्याचं काम. कोलाडच्या या सगळ्या खेळाचा कणा अशी काठावरची मुलं आहेत. शहरातून आलेल्यांचे फोटो जगभर जातात. नदी मात्र या मुलांना पाठ असते.

ती उलटते, धडपडते, स्कर्ट ओढून होडीबाहेर येते, पुन्हा बसते. उजेड जायला लागला तरी पाण्यातून निघत नाही. मग एकदा होडी वळते, वल्हं फिरतं, आणि ती वर येते.

[सकाळ. साजे. उघडं पात्र, दगड, पाणकावळे.]

सकाळी नदी अशी असते. घोट्याएवढं पाणी, शेवाळलेले धोंडे, पंख वाळवत बसलेले पाणकावळे. हेल्मेट, लाइफ जॅकेट, पडलेल्याकडे फेकायच्या दोराची थ्रो बॅग, शिट्टी, सगळं दोनदा तपासून चौघं थांबलेत. वीज बनवायची वेळ झाली की पाणी सुटतं. न सुटलं तर खेळ नाही, कितीही लांबून आलेले असा.

[त्याच जागी स्थिर कॅमेरा. पाणी चढतं. निवेदन थांबावं.]

[पुन्हा निवेदन.]

1972 च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी ऑग्सबर्गमधे कयाकच्या शर्यतींकरता मुद्दाम पांढऱ्या पाण्याचा कालवा बांधला होता. त्यानंतर जगात असे अनेक कालवे झाले. महाराष्ट्राकडे तसं पाणी आपोआप आलंय, ऐन उन्हाळ्यातही वाहणारं. सह्याद्रीच्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर डबक्यांवर येतात. ही पाणी सुटलं की भरते.

[रॅपिड. लाल आणि निळी कयाक.]

पांढऱ्या पाण्याची प्रतवारी एक ते सहा, सहा सगळ्यांत अवघड. इथले रॅपिड, म्हणजे पाणी उसळत धावतं ते टप्पे, दोन आणि तीनमधले. शिकणाऱ्याला शिकवणारे, आणि गाफील माणसाला धडा देणारेही.

पाणी वाचायचं कसं? दोन खडकांच्या मधे गुळगुळीत, काळसर, इंग्रजी ‘V’ सारखा पट्टा दिसतो, त्याचं टोक खालच्या अंगाला असतं. तिथे खोली आहे, तिथून जायचं. टोक वरच्या अंगाला दिसलं तर त्या जागी पाण्याखाली धोंडा आहे. मोठ्या खडकामागे पाणी उलटं फिरतं. त्याला कयाकवाले एडी म्हणतात. लाल होडी बघा, धारेतून सुटून एडीत शिरते आहे. शिरताना होडी आतल्या बाजूला कलवायची. कलवली नाही तर उलटं पाणी क्षणात पालथी घालतं. एडीत पोचलं की भोवती नदी गरजत असते आणि होडी जागच्या जागी. तिथे श्वास घ्यायचा, पुढचा टप्पा नजरेने मोजायचा, मागच्याला हाताने खूण करायची. एकमेकांसाठी थांबत, एडीमागून एडी गाठत खाली जायचं. एकट्याने ही नदी उतरायची नसते.

[पिवळी कयाक लाटेत आडवी होते, उलटते.]

पिवळी गेली. 

[उलटी होडी. वल्ह्याचं पातं पाण्याबाहेर.]

आणि आली.

[आरडाओरडा, हसू. मूळ आवाज ठेवावा.]

प्रत्येक वेळी रोल लागत नाही. हिरव्या होडीतला पुढच्या रॅपिडला बाहेर पडलाच. तेव्हा पाठीवर पडायचं, पाय पुढे आणि पाण्यावर. वेगवान पाण्यात कधीही उभं राहायचं नाही. दगडांच्या फटीत पाऊल अडकलं तर मागून येणारं पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं. कमरेएवढ्या पाण्यातही जीव जाऊ शकतो. थ्रो बॅग आली, दोर छातीशी धरला, काठ मिळाला.

[रुंद, संथ पात्र. दोन्ही काठांना झाडी. होड्या एकत्र.]

खाली पात्र पसरतं आणि डोलवहाळ बंधाऱ्याचं फुगलेलं पाणी लागतं. बंधाऱ्याच्या आधीच होड्या काठाला घ्यायच्या. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी स्वतःभोवतीच गुंडाळत राहतं आणि सापडलेल्याला सोडत नाही. इथून कालवे फुटतात आणि रोहा, माणगावच्या शेतांना पाणी देतात. मुळशीत आंबेमोहोर बुडवून आलेलं पाणी कोकणात उन्हाळी भात पिकवतं. पुढे रोहा, धाटावची औद्योगिक वसाहत, तिथलं बिघडलेलं पाणी, आणि मग रेवदंड्याची खाडी.

[होड्या जीपच्या टपावर चढतात. काठावर धुणं धुणाऱ्या बायका, पाण्यात उतरलेल्या म्हशी.]

भिऱ्याचं पाणी विजेच्या मागणीप्रमाणे सुटतं आणि थांबतं. नदी किती वाजता भरणार हे होडीवाल्यांना माहीत असावं लागतं, ते खेळासाठी. ते काठावरच्या प्रत्येक वाडीला, धुणं घेऊन उतरणाऱ्या बाईला, गुरं घेऊन आलेल्या पोरालाही आधी कळलं पाहिजे. 1921 साली मुळशीच्या शेतकऱ्यांना न विचारता चर खणले गेले होते. आज या काठावर पाणी सोडताना सांगून सोडायला हवं, रोज, मराठीत, प्रत्येक पाणवठ्यावर.