‘गॉर्ड्स गोल्ड’: जुनं ध्वनिमुद्रण खरं की नवं?

नमस्कार श्रोते हो.

१९७५च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडाचे लोकगायक गॉर्डन लाइटफूट यांचा ‘गॉर्ड्स गोल्ड’ हा दोन तबकड्यांचा संच बाजारात आला. निवडक गाजलेली गाणी, एवढंच वरून दिसत होतं. पण दुसऱ्या तबकडीवरची गाणी मूळ मुद्रणातली होती आणि पहिलीवरची सगळी नव्यानं गाऊन घेतलेली. तेव्हापासून या पहिल्या तबकडीवर श्रोत्यांचा वाद चालू आहे.

आधी कारण सांगायला हवं. लाइटफूट यांनी १९६६ ते १९६९ या काळात युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीसाठी पाच अल्बम केले आणि १९७० साली ते रिप्राइझ या कंपनीकडे गेले. गाण्यांचे शब्द-चाली त्यांच्या होत्या, पण मुद्रणांवरचा हक्क जुन्या कंपनीकडे राहिला. नव्या कंपनीला ती गाणी आपल्या संचात हवी असतील, तर जुन्या मुद्रणाचा परवाना तरी घ्यायचा किंवा गाणं पुन्हा गाऊन घ्यायचं. अशा करारांत साधारणपणे एक अट असते: ठरावीक वर्षं, बहुधा पाच, तेच गाणं दुसऱ्या कंपनीसाठी गायचं नाही. मुदत संपली की वाट मोकळी. शिवाय लाइटफूट यांना आपला सुरुवातीचा आवाज ऐकवत नसे, हेही त्या निर्णयामागे होतं.

आता श्रोत्यांची मतं. नव्याच्या बाजूचे म्हणतात की आवाज भरदार झाला आहे, आणि ते बरोबर आहे. ‘अर्ली मॉर्निंग रेन’ पहिल्यांदा मुद्रित झालं तेव्हा लाइटफूट पंचविशीच्या आसपासचे होते, साथीला फक्त दोन-तीन गिटार आणि डबल बास. १९७५ साली ते छत्तिशीत आहेत, दहा वर्षं रंगमंचावर तेच गाणं गाऊन त्यातला प्रत्येक शब्द कुठे टाकायचा आणि कुठे सोडायचा हे त्यांना ठाऊक झालं आहे. खालचे सूर पोकळ वाटत नाहीत. ओळीच्या शेवटी आवाज गळत नाही. या गाण्यापुरता माझा कौल नव्याला.

जुन्याच्या बाजूच्यांची पहिली तक्रार जोडगाण्यांची. ‘आयॅम नॉट सेइन’ला ‘रिबन ऑफ डार्कनेस’ जोडलं आहे, ‘फॉर लव्हिन मी’ला ‘डिड शी मेन्शन माय नेम’. एकामागून एक अशी गाणी गुंफली की एकाचा शेवट स्थिरावण्याआधी दुसरं सुरू होतं. मैफलीत हे शोभतं, कारण तिथे टाळ्यांसाठी थांबायचं नसतं. घरी ऐकताना मात्र चारही गाणी अर्धपोटी राहतात. ही तक्रार मला शंभर टक्के पटते.

दुसरी तक्रार नव्या मुद्रणांत घातलेल्या व्हायोलिनवृंदाची, आणि तिथे नीट कान द्यायला हवा. लाइटफूट बऱ्याच गाण्यांत बारा तारांची गिटार वाजवत. तिच्यात तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि तिच्याच वरच्या सप्तकात लावलेली बारीक तार, वरच्या दोन जोड्या एकाच सुरात. त्या बारीक तारांमुळे गिटारला चकाकी येते. ही चकाकी ज्या पट्ट्यात असते, तिथेच व्हायोलिनचे सूर येऊन बसतात. मग आवाजांचं मिश्रण करणाऱ्याला कुणाला तरी मागे सारावं लागतं आणि बहुधा गिटारच मागे जाते. ‘कॅनेडियन रेलरोड ट्रिलजी’ या गाण्यात हे ताडून पाहा. देशाच्या शतसांवत्सरिक वर्षासाठी कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेनं ते मागवलं होतं आणि १ जानेवारी १९६७ रोजी ते प्रसारित झालं. त्याची बांधणी लयीवर उभी आहे: आधी वेग चढतो, मग रूळ टाकणाऱ्या मजुरांचा संथ भाग, मग पुन्हा वेग. १९६७च्या मुद्रणात चार्ली मॅकॉय आणि केनेथ बट्रे हे अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे वादक आहेत. तो मोकळा, कोरडा नाद अमेरिकन गायक बॉब डिलन यांना इतका आवडला की त्यांनी त्याच दोघांना आपल्या अल्बमसाठी घेतलं. त्या मुद्रणात लय वादकांच्या हातांतून चढते. १९७५मध्ये वाद्यवृंदामुळे भव्यता येते, पण लय चढल्याचा धक्का सौम्य होतो.

ही तुलना घरी करायची असेल तर काही पथ्यं पाळा, नाहीतर निकाल हमखास चुकतो.

सगळ्यात मोठी चूक आवाजाच्या पातळीची. दोन मुद्रणांपैकी जे किंचित मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. त्यासाठी एक डेसिबलचा फरकही पुरतो. नव्या प्रती बहुतेक वेळा मोठ्या असतात. म्हणून गिटारकडे लक्ष न देता फक्त गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत बटण फिरवा, मगच मत बनवा. १९६०च्या दशकातल्या अनेक स्टिरिओ मुद्रणांत गायक एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात असतात. ती हेडफोनवर विचित्र लागतात, साध्या स्पीकरवर ठीक वाटतात. तेव्हा दोन्ही मुद्रणं स्पीकरवरच ऐका.

मग पट्टी पाहा. हार्मोनियम किंवा तंबोऱ्याचं ॲप घ्या आणि दोन्ही मुद्रणांचा षड्ज शोधा. वय वाढलं की गायक पट्टी उतरवतो; गिटारवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, एक घर खाली सरकवला की अर्धा स्वर उतरतो. षड्ज दोन स्वरांच्या मध्येच कुठेतरी लटकत असेल, तर आधी ध्वनिफितीच्या वेगावर संशय घ्या. वेगात साधारण सहा टक्के फरक पडला की अख्खा अर्धा स्वर बदलतो. लयीसाठी पंधरा सेकंदांतले ठोके मोजून चारनं गुणा. शेवटी पहिल्या कडव्यात गायक किती वेळा श्वास घेतो ते मोजा. दमसास कमी झाला की ओळ मध्येच तुटते, आणि हे कुठल्याही यंत्रानं पुरतं लपवता येत नाही.

याच कसोट्यांवर १९८८चा ‘गॉर्ड्स गोल्ड’चा दुसरा भाग उतरत नाही. त्यातली बहुतेक गाणी पुन्हा गायलेली आहेत, आणि ‘द रेक ऑफ द एडमंड फिट्झजेराल्ड’सुद्धा. १० नोव्हेंबर १९७५ला लेक सुपीरियरमध्ये २९ खलाशांसह बुडालेल्या मालवाहू जहाजाचं हे गाणं. १९७६चं मूळ मुद्रण उत्तम आहे, आवाज ऐन भरातला आहे, ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. म्हणजे पहिल्या संचात जे दोष दुरुस्त करायचे होते ते इथे नव्हतेच. १९८८पर्यंत आवाज पातळ झाला होता. श्रोत्यांची नाराजी या भागावर जवळजवळ एकमुखी आहे आणि ती रास्त आहे.

आपल्याकडे लावणी किंवा पोवाडा पुन्हा मुद्रित करताना अडचण आणखी बारीक होते. गायिकेनं पट्टी हार्मोनियमच्या काळी चारवरून काळी दोनवर आणली, तर तुणतुण्याची तार उतरवता येते, पण ढोलकीची पुडी एका मर्यादेपलीकडे सैल केली की बोल फुटतात. तिथे दुसरी ढोलकीच लागते. ती न आणता ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर भागवलेलं मुद्रण पहिल्या ठेक्यातच ओळखू येतं. शिवाय जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांतच संपायची, म्हणून गाणं आवळून बांधलेलं असे. नव्या मुद्रणात वेळेचं बंधन नाही, म्हणून मधले वादनाचे तुकडे लांबवले की ताण गेलाच.

विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘गॉर्ड्स गोल्ड’ सीडीवर आलं तेव्हा एकाच तबकडीत बसवण्यासाठी ‘अफेअर ऑन एट्थ अव्हेन्यू’ हे गाणं गाळलं गेलं. पूर्ण संच हवा असेल तर लाँग प्ले तबकड्याच शोधा. मोबाइलवर ऐकत असाल तर गाण्याच्या नावावर जाऊ नका, अल्बमचं नाव आणि वर्ष पाहा. ‘एडमंड फिट्झजेराल्ड’साठी अल्बम ‘समरटाइम ड्रीम’, वर्ष १९७६. ‘अर्ली मॉर्निंग रेन’चं पहिलं मुद्रण १९६६च्या ‘लाइटफूट!’ या अल्बमवर आहे. आधी ते लावा, षड्ज टिपून ठेवा, आणि लगेच १९७५चं ऐका.

नमस्कार.